मनूदादाच्या हाताचा सूर

दुपारचं जेवण अंगावर आलं आहे आणि सिलास उजागरे मांडीवर गिटार घेऊन पेंगतो आहे. अर्थात, पेंगतो आहे असं त्याला कुणी म्हणून बघावं! चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख कामाच्या वेळी पेंगत नसतो, तो डोळे मिटून ऐकत असतो. चर्चच्या मागच्या अंगाला वाद्यांची खोली आहे. तिथला पंखा फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. बाहेर नगरचं ऊन रस्त्यावर कुत्रंही ठेवत नाही, इतकं तापलं आहे.

गिटार सिलासची नाही. त्याच्या थोरल्या भावाची आहे. इम्मानुएल उजागरे, शटर-ग्रिलवाले. सगळ्या मंडळीचा मनूदादा. गेल्या वर्षी याच आठवड्यात एका शटरच्या पट्टीला ग्रीस लावता लावता तो खाली बसला, तो उठलाच नाही. आज संध्याकाळी त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाची उपासना आहे आणि दादाची मुलगी तबिता बापाची गिटार वाजवणार आहे. काल सरावाला तिनं याच खोलीत, वायर न लावता वाजवली तेव्हा वरचे सूर सगळे चढे लागले. अगदी बेसूर नाही, पण कणसूर. पायात बारीक काटा राहावा तसं. सिलास "छान, छान" म्हणाला आणि तारा बघतो म्हणून गिटार ठेवून घेतली.

नव्या तारा त्यानं सकाळीच चढवल्या. आता राहिलं आहे ते घोड्या सरकवण्याचं काम. विजेच्या गिटारीला खालच्या टोकाला प्रत्येक तारेची स्वतंत्र चिमुकली घोडी असते, तिच्यावर तार टेकते. दांडीवर धातूचे आडवे पडदे असतात; बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून छेडली की एक सूर निघतो. त्याच पडद्यावर तार दाबून छेडली की तोच सूर निघायला हवा. दाबलेला सूर चढा आला तर स्क्रू फिरवून घोडी मागं घ्यायची, उतरता आला तर पुढं. गिटारीच्या डोक्याला लावलेल्या यंत्रातला काटा मधोमध उभा राहिला की ती तार झाली. बाकी सगळ्या तारा सिलासनं अशा लावल्या आहेत. सगळ्यांत बारीक तार तेवढी उरली आहे.

टेबलावर एक डबी ठेवली आहे. तिच्यात मनूदादाचा इअरफोन आहे, संध्याकाळी तबिताला द्यायचा म्हणून काढून ठेवलेला. सिलास डबीकडे बघत नाही. तो बारीक तार छेडतो, दाबून पुन्हा छेडतो. काटा जरा डावीकडे जातो, की उजवीकडे? पंखा कुरकुरतो. काटा दोन दिसायला लागतात.

"जरा जोरात दाब की."

सिलास तसंच दाबतो. मग त्याच्या लक्षात येतं की हे कुणीतरी बोललं.

समोरच्या स्टुलावर मनूदादा बसला आहे. अंगात कामाचा खाकी सदरा, कोपरापाशी ठिणग्यांनी पडलेली भोकं, आणि उजव्या कानात इअरफोन. सिलासला त्याचं नवल वाटत नाही. फक्त आपण मांडी घालून बसलोय आणि दादा स्टुलावर, एवढंच बरं वाटतं.

"दादा, तू कुठनं आलास?"

"शटर उघडंच होतं की."

आणि खरंच, खोलीच्या दाराला शटर आहे. अर्धं वर गेलेलं. खोलीत जळक्या लोखंडाचा वास आहे. भिंतीला टेकून ग्रिलचे सांगाडे उभे आहेत आणि त्यांच्या मधे मधे चर्चची लाकडी बाकं ओळीनं मांडली आहेत, दुकानात मांडावीत तशी, विकायला. एका कोपऱ्यात सिलासचा कीबोर्ड आहे. त्याचा स्टँड दादानं वेल्डिंग करून दिलेला, सिलास कॉलेजात असताना. हलवायला माणसं लागायची इतका जड, पण इतक्या वर्षांत एकदाही डगमगला नाही.

"काय लावतोयस?"

"तुझीच गिटार. तबिता वाजवणारे ना संध्याकाळी."

"तबी वाजवणारे," दादा खुशीत मान हलवतो. "मग तू कशाला दाबतोयस?"

सिलास स्क्रू फिरवायला लागतो. स्क्रू फिरतो पण घोडी हलत नाही. तो पुन्हा फिरवतो. स्क्रूड्रायव्हर बोटांत मऊ पडत चालला आहे, मेणबत्तीसारखा.

"सिलास," दादा म्हणतो, "मागपर्यंत जात होतं ना रे?"

हा प्रश्न दादा दर रविवारी उपासना संपल्यावर विचारायचा. गिटार पिशवीत घालता घालता, कपाळावरचा घाम पुसत. आणि दर रविवारी सिलास तेच उत्तर द्यायचा. आताही ते उत्तर आपोआप तोंडात येतं, सवयीनं.

"जात होतं, दादा."

"मग चल, ऐकू."

दादा उठून शटरला हात घालतो. एका झटक्यात ते वर सरकतं, आणि पलीकडे चर्च आहे. रविवार आहे. सगळी मंडळी उभी आहे, पुस्तकं उघडून. सगळ्यांची तोंडं हलताहेत. सिलास कीबोर्डपाशी आहे, पण त्याच्या मांडीवर अजून गिटारच आहे. नाही, गिटार नाही, मिक्सर आहे. चटणीचा नव्हे, आवाजाचा. त्याच्यावर ओळीनं पट्ट्या. पट्टी वर सरकवली की त्या माइकचा, त्या वाद्याचा आवाज चर्चभर होतो, खाली आणली की तो बंद. सगळ्या पट्ट्या वर आहेत. सहावी अगदी खाली आहे, आणि तिच्यावर कागदी चिकटपट्टी. चिकटपट्टीवर निळ्या पेननं लिहिलं आहे: नादुरुस्त. हात लावू नये.

सिलास घाईघाईनं त्याच्यावर तळहात ठेवतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पुढं, खिडकीपाशी आपल्या जागेवर उभा राहून दादा वाजवतो आहे. डोळे मिटून, कानात इअरफोन, पाय ठेका धरतो आहे. लोखंड वाकवणारी ती बोटं तारांवर अशी दाबली जाताहेत, जणू तार निसटून पळून जाणार आहे. काहीही ऐकू येत नाही. मंडळी गाते, कीबोर्ड वाजतो, दादाची गिटार मुकी आहे.

झालं होतं ते असं. काही वर्षांपूर्वी उपकारस्तुतीच्या उपासनेला पुण्याहून एक पाहुणा गायकवृंद आला होता. गाणं ऐन रंगात असताना दादा वरच्या पडद्यांवर गेला, आणि जड हाताखाली तार ताणली जाऊन सूर चढला. पाहुण्यांतल्या एका मुलीनं मान खाली घालून ओठ दाबले. बस, एवढंच. तिनं काही वाईट म्हटलं नाही. पण सिलासचे कान असे तापले की दुसऱ्या दिवशीपर्यंत थंड झाले नाहीत. पुढच्या नाताळाला त्यानं दादाला हा इअरफोन भेट दिला. मोठा अॅम्पचा खोका नको दादा, हॉल घुमतो. वायर सरळ मिक्सरला लाव, तुझा आवाज तुला कानात येईल. टीव्हीवरच्या गवयांसारखा. दादा हरखून गेला. इअरफोन घालून त्यानं वहिनीला दाखवला, पाळकसाहेबांना दाखवला, गल्लीतल्या किराणावाल्यालाही दाखवला. आणि सिलासनं सहावी पट्टी खाली ओढली. कानात जाणारा आवाज वेगळ्या बटणावर होता, त्यामुळे दादाला दादा ऐकू यायचा. दुसऱ्या कुणालाही यायचा नाही. सगळे म्हणाले, सिलास, आता कसं छान बसतंय सगळं!

आणि घोड्या सरकवणं? ते सिलासला तेव्हाही येत होतं. दादाचा हात जड आहे, तर दादाला समोर बसवायचं, दाबायचं त्यानं आणि स्क्रू फिरवायचा आपण. त्याच्या हाताला त्याची गिटार लावून द्यायची. एका दुपारचं काम. पण बसवलं असतं तर सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सिलासनं स्वतःला समजावलं. दादाला वाईट वाटू नये म्हणून, असंही समजावलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो.

"ते काढ," दादा म्हणतो. तो आता सिलासच्या अगदी शेजारी उभा आहे. गाणं थांबलेलं नाही, मंडळी अजून उभीच आहे.

"काय?"

"हात काढ. बघू दे."

सिलास हात काढतो. मिक्सर नाही. ती चिकटपट्टी दादाच्या सदऱ्याच्या खिशावर चिकटलेली आहे, जिथं शाळेतली मुलं नावाची पट्टी लावतात तिथं. नादुरुस्त. हात लावू नये.

"अक्षर तुझंच ना?"

"दादा…"

"सुंदर अक्षर. लहानपणापासून सुंदर. माझ्या दुकानाची पाटी तूच रंगवली होतीस."

सिलासला वाटतं जमीन उघडावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. जमीन उघडत नाही. तिच्यावर लोखंडाचा कीस पसरला आहे आणि तो उन्हात चमकतो आहे. ते दोघं दुकानाच्या दारात उभे आहेत, रस्त्यावर चर्चची बाकं आहेत आणि बाकांवर कुणी नाही.

"तुला माहीत होतं?" सिलास विचारतो.

"तुझी वहिनी पहिल्या बाकावर बसते. तिला काय कान नाहीत?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास का?"

 दादा खिशावरची चिकटपट्टी नखानं काढायला बघतो. ती निघत नाही. त्याची नखं नेहमीसारखी काळी आहेत.

"वाईट वाटलं रे," तो म्हणतो. रागानं नाही. दात दुखतोय असं सांगावं तसं. "लई वाईट वाटलं. कणसूर वाजतं हे मला कळत नव्हतं, मान्य. पण तू सांगितलं असतंस तर मी काय तुला मारलं असतं?"

"नाही."

"मग? खरं सांग. माझ्यासाठी केलंस का?"

सिलासला खोटं बोलायची इतकी वर्षांची सवय आहे, पण इथं खोटं बोलायला तोंडच उघडत नाही; खरं बोलायला मात्र उघडतं.

"मला लाज वाटली तुझी," तो म्हणतो. "त्या पुण्याच्या लोकांसमोर. तू माझा भाऊ आहेस, याची लाज वाटली."

"हां," दादा म्हणतो. जणू हरवलेलं हत्यार सापडलं. "मला वाटलंच."

आणि तो खाली, दुकानाच्या उंबऱ्यावर बसतो, गिटारीच्या एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सिलास. गिटार दोघांच्या मांडीवर आडवी आहे. लहानपणी एका ताटात जेवायचे तसे बसले आहेत.

"तबीलाही इअरफोन देणारेस?"

सिलास मान खाली घालतो. सहावी पट्टी आजही खालीच आहे. ती खालीच ठेवायची असं त्यानं काल रात्री ठरवलं होतं. पोरीचा हात बापासारखा जड आहे, पाहुणे येणार आहेत, उगाच तिचं हसं नको. तिचं हसं! तेच जुनं पांघरूण, नुसतं झटकून पुन्हा घातलेलं.

"तिला तसं करू नकोस," दादा म्हणतो. "मी म्हातारा होत आलो होतो. ती नाही."

"नाही करणार."

"बघ हां." तो बारीक तारेवर बाराव्या पडद्याशी अंगठ्याएवढं जाड बोट ठेवतो आणि दाबतो. "आता फिरव. मी दाबतो."

सिलास स्क्रू फिरवतो. या वेळी घोडी हलते.

"मागं घे."

"घेतली."

"अजून मागं. माझा हात आहे, तुझा नाही."

दादाचं बोट सिलासच्या हाताला लागतं. गरम आहे, नुकतंच वेल्डिंग करून आलेल्या माणसाचं असतं तसं. सिलासला ते बोट धरून ठेवायचं आहे, पण दोन्ही हात कामात आहेत.

"बस्स," दादा म्हणतो. "आता वाजव."

"काका! झोपलात?"

सिलास दचकतो. पंखा कुरकुरतो आहे. दारात तबिता उभी आहे, ओल्या केसांनी, हातात आईनं दिलेला शंकरपाळ्यांचा डबा.

"नाही गं. ऐकत होतो."

"घोरत होतात," तबिता म्हणते आणि डबा ठेवून खाली बसते. "झाली का लावून?"

गिटार सिलासच्या मांडीवर आहे. स्क्रूड्रायव्हर त्याच्या मुठीत आहे आणि मूठ घामेजली आहे. तो बारीक तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडतो. काटा डावीकडे पडतो, सूर उतरलेला. घोडी मागं गेली आहे, त्याच्या हाताला हवी त्याहून कितीतरी मागं. ही त्यानं लावलेली नाही. निदान, आपण लावल्याचं त्याला आठवत नाही.

"दे बघू," तबिता म्हणते आणि गिटार ओढून घेते. एकेक तार वाजवत वर जाते. बाकीच्या सगळ्या तारा चढ्या लागतात, कालच्यासारख्याच. मग ती बारीक तारेवर येते, बापासारखं कचकन दाबते.

काटा मधोमध उभा राहतो. हलत नाही.

"ही बरोबर लागलीये," ती म्हणते. "बाकीच्यांचं काय झालं?"

"बाकीच्या मी माझ्या हातानं लावल्या."

"आणि ही?"

सिलास घोडीकडे बघत राहतो. मग म्हणतो, "तू दाब. मी फिरवतो."

असं दोघं बसतात. ती दाबते, तो फिरवतो. बाहेरचं ऊन कलतं. बारीक तारेला कुणी हात लावत नाही, तिला काही करायचंच नसतं. मधे तबिता एक शंकरपाळी तोंडात टाकते आणि टेबलावरची डबी तिला दिसते.

"हा बाबांचा ना? मला देणार?"

आता नुसतं हो म्हटलं की झालं. काम किती सोपं आहे! सिलासची जीभ त्या सोप्या रस्त्यावर जाऊन उभीसुद्धा राहते.

"नको," तो म्हणतो. "तबी, याच्यात तुझ्या बाबांना त्यांचा आवाज यायचा. बाहेर कुणालाच यायचा नाही. मिक्सरची सहावी पट्टी मी खाली ठेवायचो."

"ती नादुरुस्त आहे ना?"

"नाही. तो कागद मीच लावलाय. ते कणसूर वाजवायचे, आणि मला लाज वाटायची."

तबिता चावायची थांबते. तोंडातलं गिळते. सिलासला वाटतं, आता ती म्हणेल की बाबांना माहीत होतं. तेवढा एक आधार घेऊन तो झोपेतून बाहेर आला आहे. वहिनीला कान होते, दादाला कळलं होतं, निदान आपण त्याला फसवू शकलो नव्हतो.

"आई म्हणायची," तबिता हळूच म्हणते. "पहिल्या बाकावर बसून म्हणायची, तुमची गिटार ऐकूच येत नाही. तर बाबा तिच्यावर चिडायचे. म्हणायचे, कान तपासून घे. सिलास सांगतो ना जातंय म्हणून? मग जातंय."

 सिलासचे डोळे भरून येतात आणि तो ते पुसतही नाही. पुसायचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटतं. तबिता त्याला समजावत नाही. ती गिटार उचलते, वायर गुंडाळून खांद्यावर टाकते.

"पट्टी तुम्हीच वर करा," ती म्हणते. "मी हात लावणार नाही."

चर्च रिकामं आहे. सिलास मिक्सरपाशी जातो. चिकटपट्टी जुनी झाली आहे, एका ओढीत निघत नाही. नखानं खरवडून काढावी लागते, आणि तिचा चिकट डाग बोटाला राहतो. पट्टी अडते, मग वर जाते. पुढं, खिडकीपाशी, बापाच्या जागेवर तबिता उभी आहे. सिलास बाकांच्या मधून चालत चालत अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसतो.

ती बाराव्या पडद्यावर बारीक तार दाबते आणि छेडते. सूर चर्चभर होतो, वरच्या पत्र्यापर्यंत जातो आणि मागच्या भिंतीला लागून सिलासपाशी येतो. स्वच्छ. चढा नाही, उतरता नाही.

"काका," ती पुढून ओरडून विचारते, "मागपर्यंत येतंय ना?"

"येतंय," सिलास म्हणतो. त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. ती पुन्हा विचारते. तो उठून उभा राहतो आणि मोठ्यानं सांगतो.